मान्य झालेली मागणी

फोन बाळाराम नाखव्याचा होता. बाळाराम आमच्या तालुक्यातल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. स्वतःची बोट, आणि आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. त्या दुपारी मात्र तो हळू बोलत होता.

"मॅडम, तात्यांची मागणी मान्य झाली."

"कुठली?"

"पुनवेची."

"अरे वा," मी म्हणाले.

"वा नका बोलू," बाळाराम म्हणाला. "आदी पंचांग बगा."

मी आमदारांची पी.ए. होते. पी.ए. म्हटलं की लोकांना बॅगा उचलणारा आणि फोन न उचलणारा माणूस आठवतो. माझं काम वेगळं होतं. अधिवेशन आलं की प्रश्न, सूचना, भाषणं यांचे मसुदे मी लिहायचे. एरवी आमच्या संपर्क कार्यालयात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि ती कुठल्या टेबलावर पाठवायची ते ठरवायचं. मी मूळची तळा गावची, शेतकऱ्याच्या घरातली. मासळीतलं मला खाण्यापुरतं कळायचं. बाकीचं नोकरीत शिकले.

आमच्या आमदारांना सगळा मतदारसंघ तात्या म्हणायचा. आधी सरपंच, मग जिल्हा परिषद, मग आमदार, आणि मग आमदारच. किती वेळा निवडून आले ते विचारलं तर त्यांनाही बोटं मोजावी लागत. राजकारणात त्यांचं एकच सूत्र होतं, आहे ते मोडू नका. किनाऱ्यावर दारूचे परवाने वाढवायला त्यांचा विरोध होता. समुद्रकाठी रात्री गाणी वाजवायला विरोध. देवस्थानच्या जमिनीत सरकारनं हात घालायला विरोध. एकदा परवान्यांच्या विषयावर त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या विरोधात भाषण केलं आणि पक्षानं त्यांना वर्षभर कुठल्याच समितीवर घेतलं नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, उलट वाचायला वेळ मिळाला म्हणाले.

त्यांची सगळीच मतं मला पटत होती असं नाही. तालुक्याच्या गावी मुलींचं होस्टेल व्हायचं होतं, ते त्यांनी "पोरी घरापासून लांब नकोत" म्हणून अडवून धरलं, तेव्हा मी रागानं राजीनामा लिहिला होता. तो त्यांनी वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "बाई, भांडा. पण इथं बसून भांडा." पुढे होस्टेल झालं, माझ्या भांडणानं नव्हे, पक्षाच्या दट्ट्यानं. मला ते कायम 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणाले. दिवेलागणीनंतर बाईमाणसानं ऑफिसात थांबायचं नाही हा त्यांचा नियम होता. मला आधी तो अपमान वाटायचा. इतर आमदारांच्या पी.ए. लोकांचे हाल पाहिल्यावर मी त्याबद्दल बोलायचं सोडून दिलं.

तर पुनवेची मागणी. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून सरकार मासेमारी बंद ठेवतं. ही बंदी जुलैअखेर संपते. कोळ्यांची रीत मात्र जुनी आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मगच बोट पाण्यात घालायची. तात्यांची मागणी अशी की सरकारी बंदीही नारळी पौर्णिमेपर्यंतच असावी. रीत आणि कायदा एका दिवशी आणा, एवढंच.

दर पावसाळी अधिवेशनात या विषयावर त्यांची लक्षवेधी असायची. लक्षवेधी म्हणजे एखाद्या तातडीच्या गोष्टीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायचं आणि मंत्र्यांनी उत्तर द्यायचं. उत्तरही ठरलेलं, "शासन सकारात्मक आहे." आमच्या धंद्यात याचा अर्थ 'काही होणार नाही' असा असतो. "तपासून घेऊ" म्हणजे 'विसरून जा', आणि "समिती नेमू" म्हणजे 'पुढच्या सरकारला विचारा'. दरवर्षी मी जुना मसुदा काढायचे, चार शब्द इकडेतिकडे करायचे, तात्या तो तळमळीनं वाचायचे, मंत्री सकारात्मक व्हायचे. दुसऱ्या दिवशी बातमी यायची आणि कोळीवाड्याच्या नाक्यावर तात्यांच्या अभिनंदनाचा बॅनर लागायचा. सगळे खूश असायचे.

त्या वर्षी मंत्री नवीन होते. तरुण, उत्साही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कामाला लागलेले. त्यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं, "ज्येष्ठ सदस्यांच्या भावनेचा आदर करून ही मागणी मान्य करतो. प्रायोगिक तत्त्वावर, त्यांच्याच तालुक्यापुरती." जीआरही, म्हणजे सरकारचा लेखी आदेशही, लगोलग निघाला.

मी भिंतीवरचं पंचांग पाहिलं. त्या वर्षी अधिक श्रावण होता. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. चंद्राचे महिने सूर्याच्या वर्षाला कमी पडतात, म्हणून साधारण दर तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा घालतात. तो अधिक मास. त्यात सणवार करत नाहीत. त्यामुळे पुढचे सगळे सण महिनाभर पुढे ढकलले जातात. नारळी पौर्णिमा थेट ऑगस्टच्या शेवटाला गेली होती.

म्हणजे आमच्या आगरदांड्याला उभं राहायचं आणि खाडीपलीकडच्या, दुसऱ्या तालुक्यातल्या दिघीच्या बोटी ऑगस्टभर मासळी भरून आणताना बघत बसायचं. बंदीनंतरचे पहिले आठवडे तर सगळ्यात भरभराटीचे. आमच्या तालुक्याच्या बोटी तेवढ्या किनाऱ्याला बांधलेल्या.

तात्या शनिवारी आले. अधिवेशनाला शनिवार-रविवार सुट्टी असते. मुंबईहून रो-रो बोटीनं मांडव्याला उतरून थेट ऑफिसात. बाळाराम आधीच येऊन बसला होता. त्याच्यासोबत हिराबाई होती. हिराबाई मासळी बाजारातल्या बायकांची पुढारी. तात्यांच्या प्रत्येक सभेत ती पहिल्या रांगेत असायची आणि मध्येच भाषण आवडलं नाही तर तसं सांगायची.

"तात्या," बाळाराम म्हणाला, "माजे खलाशी हिकडचे न्हाईत. भायरून येतात. एक तारकेला बोट न्हाय गेली तर ते पलीकडच्या बोटींवर जातील. एकदा गेले का हंगामभर मागं येत न्हाईत. तांडेलाला तर आत्ताच फोन आलाय दिघीवरनं."

तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. तो गेला की बोट म्हणजे नुसतं लाकूड.

"इतकी वर्षं मागतोय," तात्या म्हणाले. "तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवल्यात."

"वाजवल्या," हिराबाई म्हणाली. "तुमी तितं आमचा नाव घेता म्हनून वाजवल्या. कुनी खराच देल असा कुनाला वाटला?"

मला हसू येत होतं आणि हसणं शोभलं नसतं, म्हणून मी चहा सांगायला उठले.

परत आले तेव्हा बाळाराम विचारत होता, "मागच्या अधिकाला आपन काय केला, तात्या?"

"उसना नारळ," तात्या म्हणाले.

मला हा शब्द नवा होता. बाळारामनं समजावलं. अधिक मासानं सण लांबला की सरकारी बंदी संपते त्या सकाळी पंच दर्यावर जातात. एक साधा नारळ सोडतात आणि दर्याला सांगतात, सणाला अजून वेळ आहे, पोटाला नाही, आज उसनं घेतो, पुनवेला फेडतो. मग बोटी जातात. पौर्णिमेला पुन्हा रीतसर वाजतगाजत नारळ.

"मागच्या टायमाला उसना नारळ सोडला कोनी?" बाळारामनं विचारलं.

"मीच," तात्या म्हणाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पंचांग तात्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. अधिक मासाच्या वर्षीही ते हीच मागणी करायचे, सरकार ती मानायचं नाही, आणि मग तेच दर्यावर जाऊन उसना नारळ सोडायचे. दोन्ही गोष्टी मनापासून. त्या एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या, कारण मध्ये सरकारचा नकार उभा होता.

सोमवारी मी मंत्र्यांच्या ओएसडीला फोन लावला. ओएसडी म्हणजे मंत्र्यांच्या विश्वासातला अधिकारी, ज्याला सगळं माहीत असतं आणि जो काहीच बोललेला नसतो. त्याला अडचण सांगितली.

"जीआर मागे घेतला तर आमच्या साहेबांची शोभा होते, मॅडम," तो म्हणाला. "एक मिनिट. यंदा श्रावण दोन आहेत ना?"

"हो. अधिक आणि निज."

"म्हणजे श्रावणी पौर्णिमाही दोन. पहिली कधी येते?"

मी पाहिलं. अधिक श्रावणातली पौर्णिमा नेमकी जुलै संपताना येत होती.

"झालं तर," तो म्हणाला. "आदेशात 'श्रावणी पौर्णिमा' एवढंच लिहिलंय. पहिली धरा. एका ओळीचं शुद्धिपत्रक काढतो. कोणाला काही बोलायची गरज नाही."

मला मनापासून आनंद झाला. सरकारी कामात असा तोडगा क्वचित मिळतो. कोणी हरत नाही, कोणाचं नाक कापलं जात नाही, बोटी वेळेवर जातात. बाळारामला विचारलं, तो म्हणाला, "कागदावर कदी पन पुनव करा, आमाला चालंल." मी तात्यांना मुंबईला फोन केला आणि जवळजवळ बढाई मारतच सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "अधिकात, मलमासात सण? माझ्या नावावर?"

"सण नाही तात्या, फक्त तारीख. कागदावर."

"बाई, उसना नारळ म्हणजे आपण रीत मोडतोय हे दर्याला सांगून निघणं. हा माणूस म्हणतोय रीत मोडलीच नाही. हे मला जमायचं नाही."

"मग बोटी?"

"बोटी जातील. सभागृहात मागितलं, सभागृहातच परत करू."

मी चिडले, आणि चिडले ते लपवलं नाही. लोकांचा हंगाम टांगणीला लागलाय, खलाशी सामान बांधतायत आणि तुम्हाला पंचांगाची पडली आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. शिवाय निवडणूक पुढच्या वर्षावर आली होती. आयुष्यभराची मागणी स्वतःच्या तोंडानं परत घेणारा आमदार विरोधकांना आयता मिळत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मसुदा करा. औचित्याचा मुद्दा मांडू."

औचित्याचा मुद्दा म्हणजे कामकाज थांबवून एखादं तातडीचं म्हणणं थोडक्यात मांडायची सोय. मी माझं सगळं कसब पणाला लावून मसुदा केला. 'बदललेल्या परिस्थितीत', 'स्थानिक मच्छीमारांच्या व्यापक हिताचा विचार करता', 'पुनर्विचार व्हावा ही नम्र अपेक्षा'. वाचणाऱ्याला वाटावं की चूक कोणाचीच नाही, फक्त हवा पालटली. तात्यांनी फोनवर ऐकला.

"परिस्थिती कुठं बदलली? पौर्णिमा पंचांगात छापलेलीच होती," ते म्हणाले. "राहू द्या. मीच बोलतो."

हल्ली सभागृहाचं कामकाज मोबाइलवर दिसतं. त्या दिवशी ऑफिसात बाळाराम, हिराबाई आणि मी एकाच फोनवर वाकून बसलो होतो. तात्या उभे राहिले. कागद हातात नव्हता.

"अध्यक्ष महोदय, मी इतकी वर्षं केलेली मागणी मान्य केल्याबद्दल मी मंत्रिमहोदयांचा आभारी आहे. ती त्यांनी कृपा करून रद्द करावी."

सभागृह हसलं. समोरच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मग इतकी वर्षं आमचा वेळ का खाल्लात?"

तात्या म्हणाले, "रीत आमची आहे. ती कधी ताणायची, कधी सैल सोडायची, हे गाव ठरवतं. मी ते सरकारनं ठरवावं म्हणत होतो. सरकारला ताणता येतं, सैल सोडता येत नाही. ही माझी चूक."

आणि ते खाली बसले. मंत्री उठले आणि म्हणाले, "तपासून घेऊ."

हिराबाईनं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे झाला का न्हाय?"

"म्हणजे मला आता मंत्रालयात जाऊन बसावं लागेल," मी म्हणाले.

बसले. टिप्पणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हाकत नेली. एक अधिकारी म्हणाले, प्रयोग संपल्याशिवाय प्रयोग मागे कसा घेणार, निष्कर्ष काय लिहायचा? मी म्हटलं, निष्कर्ष लिहा की मागणाऱ्यालाच नको आहे. ते म्हणाले, असा रकाना नाही. ओएसडी भेटला तेव्हा त्यानं हात जोडले. "माझं शुद्धिपत्रक दोन तासांत निघालं असतं, मॅडम." ते खरं होतं, आणि मला ते त्याच्याकडून ऐकायचं नव्हतं.

आदेश रद्द झाला, पण ऑगस्टची एक तारीख उलटून गेल्यावर. मधल्या दिवसांत दिघीच्या बोटी जाऊन येत होत्या. आमच्या किनाऱ्यावरचे निम्मे खलाशी पलीकडे गेले, बाळारामचा तांडेलही गेला. आदेश हाती पडला त्याच्या दुसऱ्या सकाळी उसना नारळ सोडला तो तात्यांनीच. बाळाराम मेव्हण्याला आणि दोन चुलत भावांना घेऊन स्वतः सुकाणूवर बसून गेला. त्यानं हंगाम काढला, पण ओढूनताणून. त्यानं तात्यांना कधी दोष दिला नाही. माझ्याशी मात्र महिनाभर 'हो' आणि 'न्हाय' यापलीकडे बोलला नाही.

पुढच्या वर्षी अधिक मास नव्हता. सण आपल्या नेहमीच्या जागी आला. अधिवेशनाच्या आधी बाळाराम आणि हिराबाई ऑफिसात आले, पूर्वी यायचे तसेच.

"तात्या, लक्षवेधी टाकताव ना औंदा?"

"नाही," तात्या म्हणाले. "ती मागणी मी परत घेतली."

"ती त्या वर्सापुरती," बाळाराम म्हणाला.

"चूक ती चूक. वर्षापुरती नसते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हिराबाई म्हणाली, "मंग आमचा नाव कोन घेल तितं?"

तात्यांनी तिला बंदराच्या गाळाबद्दल, बर्फाच्या कारखान्याबद्दल, डिझेलच्या परताव्याबद्दल सांगितलं. हे सगळे प्रश्न ते त्या अधिवेशनात मांडणार होते आणि त्यांनी ते मांडलेही. गाळ तर काढूनही झाला. तिनं ऐकून घेतलं आणि ती गेली. त्या वर्षी नाक्यावर बॅनर लागला नाही.

निवडणूक आली. समोरचा उमेदवार तरुण होता, पनवेलकडे ट्रकचा धंदा करून पैसा केलेला. त्यानं कोळीवाड्यात सभा घेतली आणि जाहीर केलं की निवडून आलो तर नारळी पौर्णिमेपर्यंत बंदीची मागणी लावून धरीन. टाळ्यांचा आवाज आमच्या ऑफिसपर्यंत आला. तात्यांनी पुढ्यातला पेपर उलटला.

तात्या पडले. थोड्या मतांनी, पण पडले. कोळीवाड्याच्या बूथवर ते पहिल्यांदाच मागे होते.

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. ज्यांच्यासाठी या माणसानं भर सभागृहात स्वतःचं हसं करून घेतलं, त्यांनीच त्याला पाडलं. तोच राग घेऊन मी बाजारात गेले. हिराबाई तिच्या जागेवर होती. मी कोळंबी मागितली आणि तिनं वजन करायच्या आतच विचारलं, "तात्यांनी तुमच्या बोटी सोडवल्या. दिघीच्या बोटी बघत रडत होतात ते विसरलात?"

"न्हाय विसरले," ती म्हणाली. "बोटी सोडवल्या त्यांनी, खरा हाय. त्यांच्यावानी मानूस परत न्हाय मिलनार."

"मग?"

ती कोळंबी निवडत राहिली. "ताई, बोट काय, आज अडकली उद्या सुटली. कोन तरी सोडवतोच. पन वर्साचा एक दिस त्या मोठ्या घरात आमच्या पुनवेचा नाव निगायचा. आमी सगली मोबाइलवर बगायचो, पोरांना पन दाखवायचो. तो त्यांनी बंद केला. त्यांना वाटला आमाला बंदी हवी व्हती."

मी पैसे दिले आणि घरी आले.

ते तात्यांना सांगावं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. शेवटी सांगितलं. ते ओटीवर बसले होते. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "हे मला तिनं तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं तात्या. आपल्या ऑफिसात. तुम्ही तिला गाळाचं सांगितलंत."

ते "हं" म्हणाले आणि आत निघून गेले.

आता मी नोकरीत नाही. नवीन पी.ए. मुलं कधी कधी मसुद्यासाठी विचारायला येतात. त्यांना मी दोनच गोष्टी सांगते. कुठलीही मागणी लिहायच्या आधी, ती मान्य झाली तर काय, हे स्वतःला विचारा. आणि लोक ती मागणी घेऊन आले की त्यांना ती मान्य व्हायला हवी आहे की नुसती मांडायला हवी आहे, हे त्यांना विचारा. पहिल्याचं उत्तर पंचांगात सापडतं. दुसऱ्यासाठी समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसावं लागतं, आणि आमच्या ऑफिसात त्याची सवय कोणालाच नव्हती.